दाजीकाकांची हरकत

आमच्या आळीतल्या रेवतीनं केनियाच्या ओमोंडीशी नोंदणी पद्धतीनं लग्न ठरवलं, आणि तिच्या दाजीकाकांनी विवाह कार्यालयात हरकत ठोकली. ती मान्य झाली तर लग्न मोडलंच!

विवाह अधिकारी साहेबांपुढे काका कडाडले, "ना ह्याचा वंश आमचा, ना रंग! सात पिढ्या खणल्या तरी आमच्याशी नातं सापडायचं नाही!"

रेवतीनं भाबडेपणानं विचारलं, "काका, अगदी लांबचंसुद्धा नाही?"

"शपथेवर सांगतो!"

"मग लिहून घ्या, साहेब. नवरा-नवरी जवळचे नातलग नसावेत, नात्याच्या बाबतीत एवढंच कायदा बघतो ना? घरच्या वडीलधाऱ्यांनीच ग्वाही दिली!"

साहेबांनी हसू दाबत काकांपुढे पेन धरलं. "वंशाची हरकत कायद्यात नाही, काका. साक्षीदार म्हणून मात्र सही चालेल."