पाहुण्याचं पान

मगदूम बिस्किटांच्या कारखान्यात नव्या कायद्याचा कागद आला: ज्याने माल विकला, त्यानेच रिकामे पुडे गोळा करायचे. व्यवस्थापक टोणपे तो तीनदा वाचून पुरते गोंधळले होते. एक कलम दुसऱ्याकडे बोट दाखवी, दुसरं तिसऱ्याकडे. त्यात मालक अण्णासाहेब कडाडले, "बिस्कीट विकलं, पुडा गेला गिऱ्हाइकाबरोबर. तो मी का उचलू? एका वाक्यात पटवा, सही करतो."

टोणपे नुसतेच पानं उलटत राहिले.

चहा घेऊन आलेल्या गौराक्कांनी विचारलं, "मालक, धाकटीच्या लग्नात एवढ्या पंगती उठल्या. उष्टी पानं पाव्हण्यांनी उचलली का?"

"भलतंच काय. पाहुण्याला कधी पान उचलायला लावतात? आमच्याच माणसांनी उचलली."

गौराक्कांनी टेबलावरचा पुडा पुढे सरकवला. "एकच वाक्य पाहिजे न्हवं? तुम्हीच छापलंय, वाचा."

पुड्यावर ठळक अक्षरांत होतं: 'आमचं गिऱ्हाईक म्हणजे आमच्या घरचा पाहुणा.'

अण्णासाहेबांनी ते वाचलं आणि सही केली. टोणपे मात्र संध्याकाळपर्यंत कागद चाळत बसले. गौराक्कांनी दाखवलेलं कलम नेमकं कितवं, ते त्यांना काही सापडेना.