तळ्याची पोथी

फार फार वर्षांपूर्वी, बोरूने पोथ्या लिहायचे ते दिवस. एका नगरात एक शास्त्रीबुवा राहत असत. त्यांना जुन्या, दुर्मिळ पोथ्या जमवण्याचं वेड होतं. कुठे ताडपत्रावरचं ज्योतिष, कुठे विसरलेल्या राजांच्या वंशावळी, कुठे घोड्यांच्या आजारांवरची औषधं. शास्त्रीबुवा रानावनातून, डोंगरघाटातून जात आणि पोथी घेऊनच परतत.

त्या सगळ्यांत त्यांची लाडकी होती ती तळ्याची पोथी. तळं कुठे खोदावं, बांध कसा घालावा, बांधाला पाझर फुटला तर तो कसा बुजवावा, हे सारं कुणा जुन्या जाणकाराने त्यात लिहून ठेवलं होतं. दूरदूरचे विद्वान ती बघायला येत. शास्त्रीबुवा रेशमी बासन सोडत, पोथी लांबूनच दाखवत आणि म्हणत, "हिची दुसरी प्रत पृथ्वीवर नाही!"

कुणी नक्कल मागितली, तर ते बासन पुन्हा बांधून टाकत.

एकदा एक प्रवासी विद्वान पोथी बघून हसला. "शास्त्रीबुवा, अशीच एक मी नदीपलीकडच्या तळ्याच्या गावात पाहिली. तिथे पावसाळ्याआधी ती सगळ्या गावाला वाचून दाखवतात आणि मग बांधाची डागडुजी करतात."

त्या दिवसापासून शास्त्रीबुवांना अन्न गोड लागेना. शेवटी ते उठले आणि त्या गावी गेले.

गावातली पोथी तुळसाकाकू सांभाळत असत. पानं जीर्ण झाली होती, कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या पडल्या होत्या. काकू म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, तुम्ही देवासारखे आलात. माझी नजर गेली, अक्षरं पुसट झाली. हिची चांगली नक्कल कोण करून देईल, याच काळजीत होते."

"माझ्याकडे द्या," शास्त्रीबुवा म्हणाले. "माझ्या प्रतीशी ताडून, नवी लिहून, पावसाआधी पोचती करतो."

काकूंनी पोथी कपाळाला लावली आणि त्यांच्या हातात दिली. "ही माझी नाही हं, गावाची आहे."

परत येताना भर दुपारी शास्त्रीबुवा नदीपाशी थांबले. तिथे एक खोल, काळा डोह होता. आसपास चिटपाखरू नव्हतं. त्यांनी पोथीला दगड बांधला आणि ती डोहात सोडून दिली. पाण्यावर एक बुडबुडासुद्धा आला नाही. दगड पडल्याचा आवाजही आला नाही.

"आता माझी एकटीच," ते पुटपुटले आणि घरी आले.

घरी येऊन त्यांनी मोठ्या प्रेमाने आपली पोथी उघडली. पहिलं पान दमट लागलं. त्यांना वाटलं, आपल्याच हाताचा घाम असेल. पण दुसऱ्या दिवशी आणखी पानं ओली झाली होती आणि त्या पानांना गाळाचा वास येत होता. एका पानाला हिरवं शेवाळ चिकटलं होतं.

बाहेर उन्हाळा रणरणत होता. छप्पर कोरडं, भिंती कोरड्या, शेजारच्या पोथ्या खडखडीत कोरड्या. शास्त्रीबुवांनी पोथी उन्हात वाळत घातली. पानं वाळून कडक झाली, पण बासनात बांधून कपाटात ठेवताच पुन्हा ठिबकू लागली. शाई ओघळून रेशमावर काळे डाग पडले.

कपाटाखालचं पाणी पुसून त्यांची बायको थकली. ती घाबरून म्हणाली, "अहो, हे काही बरं लक्षण नाही. पण अजून बरीचशी अक्षरं शाबूत आहेत. आत्ताच्या आत्ता लेखनिक बोलवा, नक्कल करून घ्या."

"नक्कल झाली, तर ही एकमेव कशी राहील?" शास्त्रीबुवा ओरडले.

शास्त्रीबुवांनी पोथी पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. आतून ठिबकण्याचा आवाज येतच राहिला. टप्. टप्. जेवताना, पूजा करताना, पाहुण्यांशी बोलताना त्यांना तेवढंच ऐकू येई. मग एके दिवशी तो आवाज थांबला. का थांबला, ते बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

आणि दारात तुळसाकाकू उभ्या राहिल्या. बरोबर गावची माणसं होती. "शास्त्रीबुवा, बांधाला मोठा पाझर फुटलाय. पाऊस तोंडावर आला. आमची पोथी द्या."

शास्त्रीबुवा चाचरत म्हणाले, "येताना... नाव उलटली, काकू. पोथी वाहून गेली."

काकू म्हणाल्या, "असो. तुम्ही जिवानिशी वाचलात, हे काय थोडं झालं? तुमची पोथी आहे ना? पाझराचं तेवढं वाचून दाखवा, म्हणजे झालं."

आता नाही कसं म्हणणार? शास्त्रीबुवांनी पेटी उघडली. पेटी काठोकाठ पाण्याने भरली होती. पाणी काळं होतं, त्या डोहासारखं. त्यांनी हात घालून पोथी बाहेर काढली. पानं पांढरीशुभ्र झाली होती. एकही अक्षर उरलं नव्हतं. दोन पानांच्या मधून एक इवलासा जिवंत मासा निसटला आणि जमिनीवर तडफडू लागला.

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला पाठ तरी असेल. इतकी वर्षं तुमच्यापाशी होती."

शास्त्रीबुवांनी पानं मोजली होती, अक्षरांचं वळण न्याहाळलं होतं, कागद किती जुना ते ताडलं होतं. पोथी मात्र त्यांनी कधी वाचलीच नव्हती.

ते काकूंच्या पायाशी बसले. "नाव उलटली नाही, काकू. मी ती माझ्या हाताने बुडवली."

गाव रिकामं करावं लागलं. माणसं गुरंढोरं घेऊन टेकडीवर चढली. पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटला आणि घरं, शेतं, देऊळ, सगळं चिखलाखाली गेलं. जीव तेवढे वाचले.

शास्त्रीबुवा टेकडीवर गेले. झोपडीझोपडीत जाऊन ते विचारत, "पोथीतलं काही आठवतं का?" कुणाला एक ओळ आठवे, कुणाला अर्धी. दरवर्षी कानांवर पडलेलं ते लोकांच्या मनात राहिलं होतं. शास्त्रीबुवांनी ते सारं लिहून घेतलं, स्वतःच्या हाताने कितीतरी नकला केल्या आणि गावोगावी फुकट वाटल्या. पण पाझर बुजवायची रीत कुणालाच पुरती आठवली नाही. तिथलं पान त्यांना प्रत्येक नकलेत कोरं सोडावं लागलं.

लोक विचारत, "बुवा, इथे काय होतं?"

आणि दर वेळी शास्त्रीबुवांना सांगावं लागे, "इथे होतं ते मी बुडवलं."

तात्पर्य: आपलंच मोठं दिसावं म्हणून जो दुसऱ्याचं बुडवतो, त्याचं स्वतःचंही कोरडं राहत नाही.