होमपेजचं दार

कोल्हापूरच्या आप्पासाहेब इंगवल्यांना आपल्या कांदा-लसूण चटणीच्या वेबसाइटसाठी राजेशाही थीम हवी होती. पहिल्याच पानावर मिशीला पीळ देत ते स्वतः, सिंहासनावर! घरबसल्या वेबसाइटी करून देणारी केतकी थीम घेऊन आली ती मात्र स्वयंपाकघराची. पहिल्या पानावर चटणी कालवणारे त्यांच्या बायकोचे, सुलोचनावहिनींचे, लालभडक हात.

"आणि मी कुठं गं?" आप्पासाहेब गरजले.

"आतल्या पानावर. पहिल्या पानाला होमपेज म्हणतात आप्पासाहेब, म्हणजे घर. आता तुमच्या घरी बेल वाजली, की दार कोण उघडतं?"

आप्पासाहेबांचा मिशीवरचा हात खाली आला. तेवढ्यात खरोखरच बेल वाजली. पदराला हात पुसत वहिनी लगबगीनं उठल्या.

"बस तू," आप्पासाहेब म्हणाले, "आज मी उघडतो की."