उत्तर विकलेलं गाव

खाडी जिथे समुद्राला मिळते ना, तिथे एक गाव होतं. राजा नाही, राणी नाही. वाटेच्या वळणावर एक लाकडी क्रूस, एवढंच. पाद्री खाडीपलीकडे राहायचे, कधीतरी होडीने यायचे.

त्या गावाची एक रीत होती, बरं का. सांजेला सगळे क्रुसापाशी समोरासमोर दोन ओळींत बसायचे आणि जपमाळ म्हणायचे. एका ओळीने पवित्र मरियेला हाक मारायची आणि थांबायचं. मग समोरच्या ओळीने उत्तर द्यायचं, की आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आत्ता आणि मरणाच्या वेळी. कोणी मरायला टेकलं, तर त्याची खाट दोन ओळींच्या मधे ठेवायचे. हाक एका कानात, उत्तर दुसऱ्या कानात. मग माणूस भीत नसे.

रेमेदी नावाची एक पोर हाकेच्या ओळीत बसायची. तिची आई कुस्तुदी समोर, उत्तराच्या ओळीत.

एकदा काय झालं, खाडीत एक गलबत आलं. त्यातून एक सौदागर उतरला आणि थेट पास्कूच्या अंगणात गेला. पास्कू म्हणजे गावातला थोर माणूस. क्रुसाच्या दिव्यात तेल घालायचा मान त्याचा. सौदागर म्हणाला, "हाक ठेवा तुमच्याकडे. उत्तर तेवढं मला विका." आणि ओंजळभर सोनं पुढे केलं.

पास्कूला वाटलं, मी एकट्याने विकलं तर काय बिघडतंय? उत्तराची ओळ केवढी लांब आहे! त्याने आ केला. मग सौदागराने त्याच्या तोंडातून ते शब्द सुतासारखे ओढून काढले, कुपीत भरले, बूच लावलं. सांजेला पास्कू नुसते ओठ हलवत बसला. कोणाला कळलंसुद्धा नाही.

मग गलबत पुन्हा आलं. या खेपेला सौदागर लोरेसआत्याकडे गेला, मग तिच्या शेजाऱ्याकडे, मग त्याच्या शेजाऱ्याकडे. सगळा मामला चोरून. आणि जो तो मनात म्हणे, बाकीचे आहेत ना!

मग बायांच्या कानातल्या कुड्या मोठ्या होत गेल्या आणि सांजेचं उत्तर बारीक होत गेलं. शेवटी एकट्या कुस्तुदीचाच आवाज यायचा. रेमेदीने विचारलं, "आत्या, तू का गं म्हणत नाहीस?"

"घसा बसलाय माझा. आणि मोठ्यांना उलट विचारू नये!"

मोठी माणसं सापडली की असंच बोलतात, बरं का.

मग कुस्तुदीला ताप भरला. तो काही उतरेना. वैद्य आला, मान हलवून गेला. आणि तिसऱ्यांदा गलबत आलं. सौदागर रेमेदीच्या दारात उभा राहिला. "हाकेच्या ओळीत एकट्या तुला दोन्ही येतं, हाक आणि उत्तरही. उत्तर दे, तुझं घर सोन्याने भरतो."

"त्याने आई उठेल?"

"नाही. खोटं कशाला सांगू?"

"मग हो चालता."

आतून आई म्हणाली, "बाय, मला भीती वाटतेय गं. माणसं बोलाव."

माणसं आली. गळ्यात सोनं, बोटांत सोनं. खाटेच्या दोन्ही बाजूंना ओळी लागल्या. रेमेदीने हाक मारली आणि थांबली.

समोरून काहीच नाही.

तिने पुन्हा हाक मारली. पास्कूने तोंड उघडलं, आतून नुसता वारा आला. तो आत्याकडे बघून खेकसला, "अगं म्हण ना!"

"मी? मला वाटलं तुम्ही तरी ठेवलंय! क्रुसाला तेल घालता ना मोठे!"

"आणि तू काय केलंस? कानात लटकवलंस!"

कुस्तुदी डोळे उघडून एकेकाचं तोंड बघत होती.

रेमेदी किनाऱ्यावर धावली. मागून सगळं गाव. सौदागर म्हणाला, "देतो की परत. ज्याने त्याने आपलं सोनं आणावं, आपले शब्द न्यावे."

कोणी हलेना. आत्या म्हणाली, "पास्कूकाका, आणा तुम्ही."

"मीच का? तू आणलंस तरी भागतंय. एका बाईच्या मरणाला आवाज लागतात तरी किती?"

रेमेदी त्यांच्या पाया पडली. एकेकाच्या पडली. मग ओहोटी लागली आणि गलबत निघून गेलं.

रेमेदी घरी आली. खाटेच्या या बाजूला बसून तिने हाक मारली. मग उठली, पलीकडे जाऊन बसली, उत्तर दिलं. पुन्हा अलीकडे. पुन्हा पलीकडे. एकदा हाक मारून ती उठणार, तोच उत्तर आलं. अगदी बारीक, खाटेवरून. आईनेच दिलं. ते संपलं आणि आईही संपली.

मग सगळे सुखात राहिले का? खाऊनपिऊन राहिले. घरांवर नवी कौलं चढली. पण घरात कोणी आजारी पडलं की सगळे एकमेकांची नजर चुकवत.

पुढे पास्कू खाटेला खिळला. त्याने रेमेदीला बोलावणं धाडलं. ती उंबऱ्यावर उभी राहिली. "पोरी," पास्कू म्हणाला, "माझ्यासाठी म्हणशील?"

"म्हणेन. तुम्हाला माफ केलंय म्हणून नाही. तुम्ही भ्यालाय म्हणून."

आणि ती आत जाऊन त्याच्या उशाशी बसली.

एवढंच, पोरांनो. आता पांघरूण ओढा आणि झोपा. मी इथेच आहे.