टोपलीखालचा उंट

लई मागं माळावरची जनावरं चेंडू खेळायची. बाभळीला टोपली टांगायची अन् तिच्यात चेंडू टाकायचा. जो संघ जिंकंल त्याला उन्हाळाभर तळ्याकाठची सावली.

बोकडाच्या संघात समदे पळणारे. तरी नव्या उंटाची उंच मान बघून बोकड पागल झाला. समोरच्या संघातल्या गाढवांच्या आधी गाठून, हिरव्या पाल्याची लालूच दाखवून त्यानं उंटाला संघात घेतला. आता ह्या बोकडाला येडा न्हाई तर काय म्हनायचं!

सामन्यात बोकड बोंबलाय लागला, "पळ की रं लंब्या!"

उंट पळाला अन् आपल्याच दोन गड्यांना तुडवून गेला. गाढवं हसून हसून लोळली. शेवटाला दोन्ही संघ बराबरीत आले.

"नीघ हितनं! माझा पाला वाया गेला!" बोकड खेकसला.

"नाना, पळता येतं का म्हनून तुमी इचारलंच न्हाई," म्हनत उंट टोपलीखालीच बसला.

तेवढ्यात चेंडू घिऊन बोकडाच्याच संघातली ससुली आली. मागं गाढवं लागलेली. ती टुणकन उंटाच्या पाठीवर चढली अन् किंचाळली, "मामा, उठा की!"

उंट आधी मागचे पाय उचलतो. पाठ अशी वर उसळली, की ससुली चेंडूसकट उडून थेट टोपलीत!

बोकड उंटाच्या पायाला मिठी मारून नाचला. तवापासनं दर सामन्यात त्याचा घसा एकाच बोंबेनं बसतो.

"बस की रं लंब्या, बस!"