पाच घमेली मुरूम

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. म्हणून मी गावाचं नाव सांगणार नाही आणि माणसांची नावंही सांगणार नाही. फार जुनी गोष्ट आहे, असंच समजा.

तर एका लहानशा गावात एक अरुंद गल्ली होती. तिच्यात पाच घरं होती. तोंडाशी वैद्यांचं, त्याला लागून कासारणीचं, पुढे समोरासमोर मास्तरांचं आणि सोनाराचं, आणि गल्ली जिथे संपते तिथे रंगारणीचं. ही सगळी जागा पूर्वी एका इनामदाराची होती. त्याने तिचे पाच तुकडे करून पाच जणांना विकले, मध्ये येण्याजाण्यापुरती वाट ठेवली आणि ती वाट कुणाची हे न सांगताच तो गाव सोडून गेला.

रंगारीण विणकरांचं सूत रंगवून द्यायची. तिचे हात कोपरापर्यंत कधी लाल असायचे, तर कधी निळे. दारात बसून ओल्या लडी पिळताना तिला सगळी गल्ली दिसायची. कोण कुणाच्या दारापुढे किती वेळ थांबलं, कुणी कुणाच्या भिंतीला हात लावून पाहिला, हे ती न बोलता बघून ठेवायची. तशी सवय त्या गल्लीत सगळ्यांनाच होती.

सकाळी झाडायची वेळ झाली की प्रत्येक जण आपल्या भिंतीच्या रेषेपर्यंत झाडायचा. एक बोटही पुढे जायचं नाही. एकदा रंगारणीने चुकून सोनाराच्या बाजूचं एक वाळकं पान उचललं, तर सोनार खिडकीतून म्हणाला, "का हो बाई, आज आमच्या अंगणावर एवढी माया?" त्या दिवसापासून तिनेही रेषा सोडली नाही.

या गल्लीच्या मनात दोन भीती होत्या आणि दोन्ही अनुभवातून आलेल्या होत्या.

पहिली कासारणीच्या ओट्यामुळे. तिने एकदा चिखल होतो म्हणून दारापुढे दोन दगड टाकले. पुढच्या वर्षी त्या दगडांवर पायरी आली आणि त्याच्या पुढच्या वर्षी पायरीचा ओटा झाला. तेव्हापासून वाटेवर कुणी काही टाकलं की बाकीचे म्हणायचे, "हा जागा खाणार."

दुसरी मास्तरांच्या दिव्यामुळे. गल्लीच्या कोनाड्यात एक दिवा होता. मास्तरांनी एका संध्याकाळी त्यात सहज तेल घातलं. त्यानंतर अकरा वर्षं दिवा विझला की लोक मास्तरांचं दार वाजवत होते. "मास्तर, तुमचा दिवा गेला." म्हणून कुठल्याही कामाला हात लावण्याआधी प्रत्येकाला वाटायचं, की हे कायमचं आपल्याच गळ्यात पडणार.

थोडक्यात, वाट दुरुस्त करायला कुणी पुढे होत नव्हतं आणि दुसरा कुणी पुढे झाला तर त्याला करू देत नव्हतं.

अशा त्या गल्लीत एक खड्डा पडला. तो पडला तोही बरोबर मास्तरांच्या आणि सोनाराच्या दारांच्या मधोमध. दीड हात लांब, वीतभर खोल. मास्तर म्हणायचे, "सोनाराकडे झुकलेला आहे." सोनार म्हणायचा, "डोळे तपासून घ्या, मास्तर."

तिथून चालणारे कडेकडेने जायचे. अडचण झाली ती पाण्याच्या गाडीची. वैशाखात आड आटले की पाणीवाला बैलगाडीवर मोठं पिंप घेऊन गावभर फिरायचा. गाडी वळवायला जागा होती ती फक्त रंगारणीच्या दारापुढे. खड्डा पडल्यावर पाणीवाल्याने गल्लीत शिरायचंच सोडलं.

"बैलाचा पाय मोडला तर तुमच्यापैकी कोण गाडी ओढणार आहे?" तो म्हणाला. "खड्डा भरा, मग बोलवा."

गल्लीच्या तोंडाशी जाऊन घागर दोन घागरी आणल्या की बाकीच्यांचं भागत होतं. रंगारणीचं भागत नव्हतं. सूत रंगात उकळून काढलं की ते लगेच भरपूर पाण्यात खळखळून धुवावं लागतं. नाहीतर वरचा रंग जागच्या जागी वाळतो आणि सुतावर पट्टे उठतात. तिला साठेक घागरी पाणी लागायचं आणि तेवढा वेळ गाडी रस्त्यात उभी राहणार नव्हती.

त्यातच गावातल्या सगळ्यात मोठ्या विणकराने तिच्याकडे चाळीस लडी टाकल्या. "सगळ्या एकाच कढईतल्या हव्यात, आणि एकच लाल," तो म्हणाला. "हे जमलं तर माझं सगळं सूत यापुढे तुमच्याकडे. नाही जमलं तर मला पुन्हा यायला वेळ नाही."

रंगारीण आधी कचेरीत गेली. कारकुनाने गावाचा नकाशा उलगडला. "गावचे रस्ते इथे पिवळे आहेत. तुमची गल्ली पांढरी आहे. म्हणजे ती खाजगी. ज्याची आहे त्याने भरावा खड्डा."

"पण ती कुणाची आहे?"

"ते तुम्हीच ठरवा," असं म्हणून त्याने नकाशाची गुंडाळी केली.

मग ती घरोघर गेली. वैद्य म्हणाले, "माझ्या दारापर्यंतची वाट चांगली आहे. आत काय चाललंय ते आतल्यांनी बघावं." कासारीण म्हणाली, "अगं, मी दोन दगड टाकले तर तुम्ही सगळे मला आजपर्यंत चोर म्हणता. आता मुरूम टाकू होय?" सोनार बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "खड्डा आमच्या दारात आणि काळजी तुम्हाला. नक्की काय हवंय तुम्हाला?"

"पाणी हवंय, सोनारकाका."

"पाण्यासाठी एवढं कुणी फिरतं का?" असं म्हणून त्याने दार अर्धं लावून घेतलं, आणि उरलेल्या अर्ध्यातून तो ती जाईपर्यंत बघत राहिला.

मास्तरांनी मात्र नीट ऐकून घेतलं. "बाई, एकट्याने केलं तर तो एकटा अडकतो. पाच जणांनी एकदम केलं तर कोणीच अडकत नाही. प्रत्येकाने एकेक घमेलं मुरूम आणावा आणि सगळ्यांनी एकाच क्षणी टाकावा. मग ना कुणाचा हक्क, ना कुणाचं ओझं."

ही युक्ती सगळ्यांना पटली. संध्याकाळी पाचही जण कासारणीच्या ओट्यापाशी जमले. ओट्यावर मात्र कोणी बसलं नाही, कारण बसलं तर ओटा मान्य केल्यासारखं झालं असतं.

"एक, दोन, तीन असं कोण म्हणणार?" वैद्यांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणा की, वैद्यबुवा."

"म्हणजे उद्या तुम्ही मलाच पुढारी ठरवणार! नको."

कोणीच म्हणायला तयार होईना. शेवटी ठरलं, की पाणीवाल्याच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज कानावर आला की टाकायचं. बैलांवर कोण आळ घेणार?

सगळे कबूल झाल्यामुळे रंगारणीला धीर आला. तिने पहाटेच चूल पेटवली, लाल रंगासाठी मंजिष्ठेच्या मुळांची कढई चढवली आणि विणकराच्या चाळीसही लडी रंगात सोडल्या. दिवस वर येईपर्यंत रंग असा चढला, की तिने तसा लाल वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. आता फक्त पाणी यायचं होतं.

ठरल्याप्रमाणे पाचही जण घमेली घेऊन खड्ड्याभोवती उभे राहिले. आधी प्रत्येकाने दुसऱ्याच्या घमेल्यात डोकावून पाहिलं. "वैद्यबुवा, तुमचं अर्धंच भरलेलं दिसतंय." "सोनारकाका, तुमच्यात मुरूम कमी आणि राख जास्त."

तेवढ्यात लांबून घुंगरं वाजली.

मास्तरांनी घमेलं उचललं आणि सोनाराकडे पाहिलं. सोनाराने उचललं आणि वैद्यांकडे पाहिलं. वैद्यांनी कासारणीकडे पाहिलं आणि कासारणीने रंगारणीकडे. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याच्या घमेल्यातून पहिला खडा पडू दे, की लगेच आपण टाकू. उगाच आपलं पहिलं नको.

रंगारणीने एकदा आपल्या घराकडे वळून पाहिलं. घरात कढई होती, कढईत लडी होत्या, आणि खड्डा तिच्या पायापासून एका हातावर होता. पण तिलाही वाटलं, हे चौघे मुद्दाम थांबलेत. मी टाकला की हे आपली घमेली घेऊन घरी जातील आणि उद्या म्हणतील, 'रंगारीणबाई, तुमचा खड्डा पुन्हा उघडला.' सोनाराच्या डोळ्यांत तर तसं स्पष्ट दिसतंय. तिने घमेलं छातीशी घट्ट धरलं.

घुंगरं गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली.

"टाका की!" पाणीवाला ओरडला.

कोणी हललं नाही. पाचही जणांना मनातून एकच वाटलं, की बघा, मला माहीतच होतं, हे लोक टाकणार नाहीत.

"माझ्या मागे तीन आळ्या वाट बघतायत," पाणीवाला म्हणाला. "नाहीतर असं करा, मला द्या ती घमेली. मीच भरतो खड्डा."

"खबरदार!" पाचही जण एका आवाजात म्हणाले. "गल्ली खाजगी आहे!"

त्या सकाळी त्यांनी एकदम केलेली तेवढी एकच गोष्ट.

पाणीवाल्याने कपाळाला हात लावला, बैल वळवले आणि तो निघून गेला. घुंगरांचा आवाज आधी बारीक झाला, मग ऐकूच येईना. तेव्हा घरातून कढईचा वास आला. रंग आटत चालला होता.

रंगारणीने घमेलं उलटं केलं. मुरूम खड्ड्यात पडला, थोडी धूळ उडाली आणि खाली बसली. आणखी काहीच झालं नाही. जमीन कोणाच्या बाजूला सरकली नाही, कोणी कागद घेऊन आलं नाही. चौघे खड्ड्याकडे बघत होते. मग मास्तरांनी टाकलं. त्यांच्यामागून कासारणीने, वैद्यांनी आणि सगळ्यात शेवटी सोनाराने. सोनारानेच पायाने मुरूम दाबून सपाट केला. एवढं सगळं व्हायला माणसाला एक पान लावून तोंडात टाकायला लागतो तेवढाच वेळ लागला.

रंगारीण चपला न घालताच गाडीमागे धावली. पण ती कोपऱ्यावर पोहोचली तेव्हा पुढच्या आळीत पिंपाची तोटी उघडली होती आणि घागरींची रांग लागली होती. ती परत आली. शेजाऱ्यांनी आपापल्या घरातलं प्यायचं पाणी आणून दिलं. वैद्यांनी दोन घागरी, मास्तरांनी एक, कासारणीने कळशीभर. सोनाराने तर घरातलं होतं नव्हतं तेवढं आणलं. पण चाळीस लडींना ते कुठे पुरणार? दहा लडी धुऊन झाल्या, उरलेल्या वाळत गेल्या.

दुपारी विणकर आला. त्याने एकेक लड उन्हात धरून पाहिली. कुठे गडद लाल, कुठे फिकट, मध्येच पट्टे. तो रागावला नाही.

"काय झालं?" त्याने विचारलं.

रंगारणीच्या ओठांवर आलं होतं, की मास्तरांनी टाकलं नाही, सोनाराने टाकलं नाही. तिने खाली पाहिलं. "माझ्या हातात घमेलं होतं," ती म्हणाली, "आणि मी दुसऱ्यांकडे बघत राहिले."

विणकराला त्यातलं काही कळलं नाही. त्याने लडी बांधल्या आणि तो गेला. तो पुन्हा कधीच आला नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्याची गाडी घुंगरं वाजवत गल्लीत शिरली, मास्तर आणि सोनाराच्या मधून धक्का न बसता पुढे आली आणि थेट रंगारणीच्या दारात उभी राहिली. "घ्या बाई, हवं तेवढं घ्या," पाणीवाला म्हणाला. तिने दोन घागरी घेतल्या. कढई रिकामी होती.

पुढे त्या वाटेवर काही उखडलं की सगळ्यात आधी रंगारीण घमेलं घेऊन निघायची. मग मास्तर निघायचे, मग बाकीचे. वाट आजवर कोणाच्या नावावर झालेली नाही. तरी सोनार अजून खिडकीतून म्हणतो, "हिचा काहीतरी डाव असणार." ती ऐकते आणि मुरूम टाकते.

तात्पर्य: जी वाट सगळ्यांची आहे, तिच्यावर पहिलं घमेलं आपण टाकावं; दुसरा टाकतो की नाही हे बघत उभं राहिलं, तर आपल्याच घरातली कढई करपते. हे मी लिहून आमच्या दाराला लावणार होते, कारण आमच्याकडेही परवा बाबा शेजारच्या काकांना म्हणत होते, की आधी तुम्ही तुमच्या बाजूचं करा, मग आम्ही... आले गं आई, आले, हे एवढं वाक्य