येतो म्हणून गेलेलं नगर

फार फार वर्षांपूर्वी, आमचं मोहरगाव जेव्हा मोहरनगर होतं आणि इथल्या बाजारात सकाळी हरवलेलं माणूस संध्याकाळी सापडायचं, तेव्हाची ही गोष्ट. नीट ऐका आणि मध्ये उठू नका.

नगराला तट होता आणि तटाला एकच वेस. ती वेस राखायची ठमाई वेसकरीण. नवऱ्यामागे ते काम तिच्याकडे आलं होतं. पहाटे वेस उघडायची, दिवेलागणीला लावायची. पण लावण्याआधी ती रानाकडे तोंड करून हाक मारायची, कोण राहिलंय बाहेर म्हणून. बाहेर जाणारा प्रत्येक जण तिला "येतो" म्हणून जायचा, आणि येतो म्हणून गेलेला आत आल्याशिवाय ती वेस लावत नसे. कोणाची म्हैस चुकली, कोणाची गाडी चिखलात फसली, तरी ठमाई दाराला पाठ लावून उभीच. वेसकरांचा तो धर्मच होता. तिच्या राज्यात नगरातलं एकही माणूस उघड्यावर राहिलं नाही, असं म्हणतात.

आता राजाचं ऐका. त्याचं नाव आमच्या गावात घेत नाहीत, म्हणून मीही घेणार नाही. त्याच्या मनाने घेतलं की राजधानी उंचावर हवी. त्याने दूर डोंगरावर उंचगड बांधला. महाल झाले, पेठा झाल्या, देवळं झाली, पण पेठेत गिऱ्हाईक नाही आणि देवळात घंटा वाजवायला कोणी नाही. मग दवंडी पिटली, की पुनवेच्या आत मोहरनगर रिकामं करा, मागे राहील त्याचं मुंडकं वेशीवर टांगू. झाली का पंचाईत! नगरात एकच हलकल्लोळ उडाला. तेल्याने घाणा गाडीवर चढवला तर गाडीचा कणाच मोडला. एकीने घराचा उंबरठा उपटून डोक्यावर घेतला, म्हणे घर नेता येत नाही तर एवढं तरी नेते.

राजाचा आणखी एक हुकूम होता. वेशीतून निघताना प्रत्येकाने मोठ्याने "जातो" म्हणायचं, म्हणजे जुन्या जागेची माया तुटेल. हे कोणा परमुलखातल्या शहाण्यानेच सुचवलं असणार. आपल्यात उंबऱ्यातून निघताना "जातो" म्हणतं का कोणी? जातो तो पुन्हा दिसत नाही. सर्वांत पुढे गणबा कासार होता, खांद्यावर बांगड्यांचं गाठोडं, मागे लेक सगुणा. त्याने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. राजाचा सरदार बुधसिंग भाला घेऊन पुढे झाला. तेव्हा ठमाई म्हणाली, "गणबादादा, रोज काय म्हनतोस त्येच म्हन."

"येतो गं ठमाई," गणबा म्हणाला.

"ये. वेस उघडी हाय."

मग काय विचारता! पुढचा येतो, मागचा येतो, बायका येते, पोरंही येतो. बुधसिंगाला आपली भाषा जेमतेम कळायची. त्याला वाटलं, ही माणसं उंचगडाला यायला तयार आहेत. तो खूश. सारं नगर येतो येतो करत आनंदाने निघालंय, असं त्याने राजाला कळवलं, आणि राजाने त्याला सोन्याचं कडं पाठवलं.

नगर ओस पडलं. वेस लाव आणि तूही चल, असं बुधसिंगाने ठमाईला दरडावलं. ती म्हणाली, "समदं गाव येतो म्हनून गेलंय. येवढी मान्सं भाईर आस्ताना वेस लावू कशी?" शिपाई दाराला भिडले, दार हलेना. हत्ती जुंपला, तर दोर तटातट तुटले आणि हत्ती जो खाली बसला तो उठेचना. बुधसिंगाने तलवार उगारली, तर हात वर गेला तो खाली येईना, असं म्हणतात. सगळे जीव घेऊन पळाले. ठमाईने मान वळवूनही पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी तिने हाक मारली. नाव घेऊन, एकेकाला. वाटेवरच्या मुक्कामात ती हाक पोचली आणि माणसं होती तिथे थबकली. उंचगडावरही रोज दिवेलागणीला ती हाक यायची, आणि हातातला घास हातातच राहायचा. उन्हाने, तापाने, उरी फुटून कितीतरी माणसं दगावली. गणबा कासारही गेला. उरलेले राजाच्या पेठेत दुकानं मांडून बसले, पण जीव कोणाचाच थाऱ्यावर नव्हता.

शेवटी एके सकाळी सगुणाने बापाचं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि ती गडाच्या दरवाजाशी आली. मागे सगळी पेठ. कुठे निघालात, म्हणून बुधसिंग आडवा आला. तेव्हा जन्मात कधी न उच्चारलेला शब्द तिने उच्चारला.

"जाते."

"जातो," मागून सगळं नगर म्हणालं.

एवढ्या तोंडांनी तो शब्द निघाला आणि गडावरची टाकी आटली, बुरूज खचले, सिंहासनाला उभा तडा गेला, असं म्हणतात. राजा हुकूम सोडत राहिला, पण हुकूम ऐकायला माणूस नको का समोर? आज तिथे घुबडंसुद्धा नीट नांदत नाहीत.

आणि ते परतणं! म्हातारी माणसं पोरांच्या पुढे धावत होती. नगर दिसलं तेव्हा दिवेलागण झाली होती. ठमाई दाराला पाठ लावून तशीच उभी होती. केस पांढरेफटक, दृष्टी गेलेली, पायांवर रानवेल चढलेला. ती नावं घेत होती आणि माणसं "आलो" म्हणत आत शिरत होती. होता होता ती म्हणाली, "गणबा कासार?"

तिने पुन्हा विचारलं. तो गेला, हे तिला कोणी सांगायचं? येतो म्हणालेला आला नाही, तर ही बाई अशीच उभी राहणार, मरेपर्यंत. सगुणाला ते बघवेना. ती पुढे झाली, बापासारखा घसा खाकरला आणि म्हणाली, "आलो गं ठमाई."

ठमाईला आवाज ओळखता आला नाही असं समजू नका. पण ती म्हणाली, "ये बाबा. लई येळ लावलास." मग पुढचं नाव, त्याच्या बायकोने आलो म्हटलं. त्याच्या पुढचं, त्याच्या भावाने. सगळे आत आले. मग हत्तीला न हललेलं ते दार ठमाईने एका हाताने लोटलं आणि अडसर घातला. सकाळी वेस उघडायला ती नव्हती. कुठे गेली ते कोणालाच ठाऊक नाही.

आमच्याकडे अजून माघी पुनवेला ठमाईची हाक असते. पुण्या-सुरतेला गेलेली माणसं, ऊसतोडीवरची जोडपी, सासरच्या लेकी, सगळी एसट्या भरभरून येतात. दिवेलागणीला गावातली सर्वांत थोरली बाई वेशीत उभी राहून नावं घेते, आणि वर्षभरात वारलेल्यांची नावं शेवटी. त्यांच्या वतीने घरच्याने "आलो" म्हणायचं, त्याशिवाय वेस लागत नाही. गेल्या वर्षी माझ्या आईचं नाव आलं. मला काही ते म्हणवेना. तेवढ्यात पलीकडून पारूकाकू, जी आईशी जन्मभर बांधावरून भांडली, ती गर्दीतून ओरडली, "आले गं, आले!" आणि वेस लागली.